आधी कुंपण, मग बी

परसात भाजी करायचं मनात आलं की पावलं आधी बियाण्यांच्या दुकानाकडे वळतात. भेंडी, गवार, दोडका, कारली अशा पुड्या घरी येतात, पहिल्या पावसाबरोबर पेरल्या जातात आणि पंधरा दिवसांत दोन-चार पानांवर आलेली रोपं बघून घरातली लहानथोर हरखतात. मग एखाद्या दुपारी कुणाची तरी शेळी आत शिरते किंवा कोंबड्या वाफा उकरून ठेवतात, आणि होत्याचं नव्हतं होतं. बी पुन्हा विकत मिळतं, पण गेलेला हंगाम परत मिळत नाही. असा फटका बसला की माणूस पुढच्या वर्षी परसाकडे फिरकतही नाही, आणि चांगली जागा गवताखाली पडून राहते.

म्हणून या लेखात क्रम बदलला आहे. आधी जागा, मग कुंपण, मग वाफे आणि सगळ्यात शेवटी बी. घराच्या मागे किंवा बाजूला थोडी मोकळी जमीन असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं जास्त करून कोकणातली आहेत. देशावर काय वेगळं करायचं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

जागा किती आणि कुठली

पाच माणसांच्या घराला वर्षभर भाजी पुरायची तर साधारण दोन ते अडीच गुंठे परसबाग हवी, असं कृषी विस्ताराच्या पुस्तिका सांगतात. हा आकडा वाचून दबून जाऊ नका. पहिल्या वर्षी अर्धा गुंठा, म्हणजे साधारण २२ फूट बाय २५ फूट जागा पुष्कळ झाली. तेवढी नीट राखता आली की पुढे वाढवता येते.

जागा शक्यतो चौकोनी धरा. याचं कारण कुंपणाच्या खर्चात आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तो ३३ बाय ३३ फुटांचा घेतला तर कुंपण १३२ फूट लागतं. तोच गुंठा ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब अशा पट्टीत घेतला तर कुंपण २२० फूट होतं. भाजी तेवढीच, खांब आणि जाळी मात्र दीडपटीहून जास्त.

दिवसातून किमान सहा तास ऊन हवं. आंब्या-फणसाखाली, माडांच्या दाट सावलीत फळभाजी धरत नाही. मे महिन्यात जागा बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घराची किंवा झाडांची सावली उत्तरेकडे लांबवर पडते. मे महिन्यात लख्ख उन्हात असलेली जागा डिसेंबरात दिवसभर सावलीत असू शकते. विहिरीचं किंवा नळाचं पाणी पाइपने पोचेल आणि स्वयंपाकघराच्या दारातून नजर जाईल अशी जागा सगळ्यात बरी. नजरेसमोरच्या बागेची निगा आपोआप राहते.

खांब रोवण्याआधी हद्दीची खात्री करा. शंका असेल तर शेजाऱ्यांशी बोलून घ्या, गरज पडली तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. कुंपण आपल्या हद्दीच्या फूटभर आत ठेवलं तर पुढे झाडांच्या फांद्यांवरून कुरबुर होत नाही आणि बाहेरच्या बाजूने छाटणी करायलाही जागा राहते.

राखण कोणापासून करायची

कुंपण कसलं करायचं हे त्रास कोणाचा आहे यावर ठरतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ परसात फेरी मारा. पावलांचे ठसे, लेंड्या, उकरलेली माती पाहा आणि शेजाऱ्यांना विचारा.

कोंबड्यांना उंचीपेक्षा जाळीचं भोक महत्त्वाचं. दोन इंची भोकातून पिल्लं सहज आत जातात. शेळी उडी मारते, कुंपणावर पुढचे पाय टेकून वाकवते आणि मान आत घालून तोंडाला लागेल ते ओरबाडते, म्हणून तिच्यासाठी साडेचार-पाच फुटांची उंची हवी. गाई-म्हशी उडी मारत नाहीत, पण अंग घासून कच्चे खांब पाडतात. रानडुक्कर आणि साळिंदर खालून वाट काढतात. तिथे कुंपणाची सगळी ताकद तळाशी असावी लागते.

माकडांना आणि वानरांना मात्र कुठलंच साधं कुंपण अडवत नाही. कोकणात आज परसबाग सोडून देण्यामागे हे फार मोठं कारण आहे. यावर दोनच उपाय टिकतात. एक म्हणजे टोमॅटो, काकडी, वांगी यांच्यासाठी वरूनही जाळी टाकून एक छोटा पिंजरा करायचा. दहा फूट बाय दहा फूट जागाही यासाठी पुरते. दुसरा म्हणजे उघड्यावर अळू, हळद, आलं, सुरण अशी पिकं घ्यायची, कारण यांना माकडं सहसा हात लावत नाहीत.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. घरातल्या विजेची तार थेट कुंपणात सोडणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. दर पावसाळ्यात अशा तारेने गुराख्यांचे, लहान मुलांचे, कधी लावणाऱ्याच्या घरच्यांचेच जीव जातात. तो गुन्हाही आहे. फासे लावणं हाही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. रानडुकरांचा उपद्रव खरोखरच मोठा असेल तर ठरावीक अंतराने क्षणभर झटका देणारं सौर कुंपण करता येतं. ते जाणकाराकडूनच बसवून घ्यावं. जंगलालगतच्या गावांसाठी अशा कुंपणाला सरकारी अनुदानाची योजना आहे, तिची चौकशी वनविभागाच्या कार्यालयात करावी.

खांब आणि जाळी

अर्ध्या गुंठ्याच्या बागेला ९४ फूट कुंपण लागतं. दर आठ फुटांवर एक असे बारा-तेरा खांब धरा. खांब सात फुटी घ्यायचा, दोन फूट जमिनीत आणि पाच फूट वर. सिमेंटचे किंवा लोखंडी खांब टिकाऊ असतात. बांबू स्वस्त पडतो, पण जमिनीत जाणाऱ्या भागाला वाळवी लागते. तो भाग आधी जाळावर वरवर भाजून काढा, त्यावर डांबर लावा आणि डांबर नीट सुकल्यावरच रोवा. जमिनीच्या वर चार-सहा बोटं डांबराचा पट्टा यायला हवा, कारण बांबू कुजतो तो नेमका मातीच्या पातळीवर.

कोपऱ्याच्या खांबांवर सगळा ताण येतो, म्हणून प्रत्येकाला दोन बाजूंनी तिरके टेकू द्या. टेकू नसेल तर जाळी ओढताच खांब आत झुकतो आणि एका पावसात सगळं कुंपण सैल होतं. जाळी लावण्याआधी वर, मध्ये आणि खाली अशा तीन तारा ताणून घ्या आणि जाळी त्या तारांना बांधा. जाळी नुसती खांबांना बांधली तर दोन खांबांच्या मध्ये तिला झोळ येतो आणि शेळी नेमकी तिथेच पाय ठेवते.

तळाशी कोंबडीजाळीची दोन फुटी पट्टी जोडा. तिचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला आडवा वळवून मातीखाली पुरा, वर दगड ठेवा. उकरणारं जनावर कुंपणाला टेकून उकरायला लागतं, ते या आडव्या जाळीवर अडतं आणि सोडून देतं. कोकणात जांभ्याचे किंवा शेतातले दगड मिळत असतील तर खाली दोन फुटांचा गडगा रचून त्यावर जाळी घेणं सगळ्यात उत्तम.

बेडं, म्हणजे कुंपणाचं दार, तीन फूट रुंद ठेवा, म्हणजे शेणखताचं घमेलं डोक्यावर घेऊन माणूस सरळ आत जाऊ शकतो. बेडं आपल्या वजनाने आपोआप मिटेल असं बसवा किंवा साधी कडी तरी लावा. कितीही चांगलं कुंपण असलं तरी जनावर बहुतेक वेळा उघड्या राहिलेल्या बेड्यातूनच आत येतं.

जिवंत कुंपण

जाळी दहा-बारा वर्षांनी गंजते. काट्याकुट्यांची वई दरवर्षी नव्याने घालावी लागते. झाडांचं कुंपण मात्र वर्षागणिक दाट होत जातं, वारा अडवतं आणि खतही देतं. त्याला दोन वर्षं लागतात एवढंच. म्हणून पहिल्या वर्षी जाळी किंवा बांबूची वई करा आणि तिच्या बाहेरच्या अंगाला झाडं लावा. वई मोडकळीला येईपर्यंत झाडं उभी राहतात.

कोकणात गिरिपुष्पाला तोड नाही. मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्यांचे चार-पाच फुटी तुकडे घ्या, खालचं टोक तिरकं कापा आणि जून महिन्यात पाऊस स्थिरावला की फूट-फूटभर खोल रोवा. दोन तुकड्यांत फूटभर अंतर पुरे. पहिलं वर्ष हात लावू नका. पुढे वर्षातून दोन-तीनदा छाटणी करा. हे झाड द्विदल कुळातलं असल्यामुळे त्याचा पाला नत्राने भरलेला असतो, आणि तो वाफ्यावर पसरला की आठवड्या-दोन आठवड्यांत कुजून मातीत मिसळतो. म्हणजे कुंपणच बागेला खत पुरवतं.

निरगुडी आणि अडुळसा हीसुद्धा फांदीवरून येणारी झाडं आहेत. त्यांच्या पाल्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि घरगुती औषधालाही ती हाताशी राहतात. काटेरी कुंपण हवं असेल तर करवंद आणि सागरगोटा लावा. करवंद सावकाश वाढतं, पण एकदा जमलं की त्यातून मांजरही जात नाही. पिकल्या करवंदातलं ताजं बी लगेच पेरावं, ठेवलेलं बी नीट रुजत नाही. देशावर कमी पावसात मेंदी, चिल्हार, घायपात चांगली येतात. शेराचं कुंपण जुन्या काळापासून होत आलं आहे, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. लहान मुलं खेळती असतील तिथे शेर नको. घाणेरी तर मुळीच लावू नका, ती कुंपणात थांबत नाही आणि आसपासची सगळी जमीन व्यापते.

‘कुंपणानेच शेत खाल्लं’ ही म्हण जिवंत कुंपणाच्या बाबतीत शब्दशः खरी होऊ शकते. झाडांची मुळं वाफ्यातलं पाणी आणि खत ओढतात आणि न छाटलेल्या फांद्या ऊन अडवतात. त्यावर दोन नियम पाळा. कुंपणापासून दोन फूट जागा चालण्यासाठी मोकळी सोडा, आणि कुंपण छातीच्या वर वाढू देऊ नका. जाळी गंजून गेल्यावर शेळीसाठी उंची कमी पडेल असं वाटलं तर तेवढ्या बाजूचं कुंपण डोक्याएवढं ठेवा, पण ते दक्षिणेला नसावं.

वाफे कसे पाडायचे

चारी बाजूंनी दोन फूट सोडल्यावर २२ बाय २५ फुटांच्या बागेत आत १८ बाय २१ फुटांची जागा उरते. त्यात १८ फूट लांब आणि तीन फूट रुंद असे चार वाफे आणि मध्ये दीड फुटाच्या वाटा बसतात. उरलेल्या तीन फुटी पट्टीत वेलांचा मांडव घाला. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही आणि माती दबत नाही. मांडवाची पट्टी उत्तरेला घ्या, म्हणजे वेलांची सावली भाजीवर पडणार नाही.

कोकणातल्या पावसात सपाट वाफ्यावर पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून जमिनीपासून फूटभर उंच गादीवाफे करा. देशावर उलट, उन्हाळ्यात वाफा जमिनीच्या पातळीला किंवा थोडा खोलगट ठेवा, म्हणजे दिलेलं पाणी वाया जात नाही. प्रत्येक वाफ्यात चांगलं कुजलेलं शेणखत दहा-बारा घमेली मिसळा. कच्चं शेण कधी घालू नका. त्याने वाळवी आणि हुमणी येते.

कोणत्या महिन्यात काय

मृगाच्या पावसावर भेंडी, गवार, चवळी आणि वेलभाज्या लावा. भेंडीच्या दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत फूटभर अंतर ठेवा. पेरल्यापासून सहा-सात आठवड्यांत तोडा सुरू होतो आणि मग दर दुसऱ्या दिवशी भेंडी काढावी लागते. एक भेंडी जून होऊ दिली तर झाडाचा पुढचा बहर कमी होतो. केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ ही जात घरच्या बागेला चांगली. कोकणात कारल्याची ‘कोकण तारा’ आणि काकडीची ‘शीतल’ या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती पावसाळ्यात उत्तम येतात. कारलं, पडवळ, दोडका यांचं बी टणक असतं, ते रात्रभर भिजत घालून मग टोका.

ऑगस्टच्या शेवटी कोपऱ्यातल्या एका उंच वाफ्यात वांगी, मिरची, टोमॅटोचं बी टाका. चार-पाच आठवड्यांची, वीतभर उंचीची रोपं संध्याकाळी लावा. वांग्याला दोन फूट, टोमॅटो आणि मिरचीला दीड फूट अंतर द्या. दसऱ्यापासून माघापर्यंत मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, नवलकोल, वाटाणा यांचा काळ. उन्हाळ्यात लाल माठ, भेंडी, गवार, काकडी घेता येतात. उन्हातल्या मुळ्यासाठी ‘पुसा चेतकी’ ही जात चालते.

पालेभाजी सगळी एकाच दिवशी पेरण्याची चूक करू नका. मेथी महिन्याभरात काढणीला येते, लाल माठही तसाच. सगळा वाफा एकदम तयार झाला की चार दिवस शेजारीपाजारी वाटावी लागते आणि पुढचा महिनाभर घरात पालेभाजी नसते. वाफ्याचे चार भाग करा आणि दर आठ-दहा दिवसांनी एक भाग पेरा. पहिला भाग रिकामा होतो तोवर चौथा उगवलेला असतो.

कोथिंबिरीबद्दल एक नेमकी गोष्ट. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया. धणे अख्खे पेरले तर उगवण कमी आणि उशिरा होते. पायतणाने किंवा लाटण्याने हलकेच रगडून त्याच्या दोन फाकी करा. पीठ होता कामा नये, फाक सुटल्याचा बारीक आवाज आला की पुरे. मग रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी सावलीत सुकवा आणि अर्धा-पाऊण इंच खोल पेरा. आठ-दहा दिवसांत हिरव्या रेघा दिसू लागतात.

मोरीचं पाणी वाया घालवू नका. ते जिथे बाहेर पडतं तिथे अळू आणि केळी लावा. कुंपणाच्या घराकडच्या बाजूला तोंडलीचे दोन वेल जाळीवर चढवा. तोंडली फांदीवरून लागते आणि वर्षानुवर्षं फळते. रस्त्याकडच्या जाळीवर मात्र वेल चढवू नका. बाहेर लोंबणारी हिरवी पानं जनावराला बोलावणं धाडतात.

कीड आणि रोग

रोज सकाळी दहा मिनिटं पानं उलटी करून बघणं हे सगळ्यात चांगलं औषध. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो शेंडा चार बोटं खालून खुडा आणि जाळून टाका. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून उठून दिसल्या की तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते. असं झाड मुळासकट उपटा, दया दाखवली तर सगळी ओळ जाते. कारल्या-दोडक्याला फळमाशी डंख मारते, म्हणून फळ बोटाएवढं असतानाच त्याला कागदाची पिशवी बांधा आणि गळलेली फळं खोल पुरून टाका.

मावा आणि तुडतुड्यांसाठी निंबोळी अर्क करा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, सकाळी कापडातून गाळा, थोडा साबणाचा चुरा मिसळा आणि ऊन कलल्यावर पानांच्या खालच्या बाजूलाही फवारा. अर्क त्याच दिवशी संपवा. पावसाळ्यात गोगलगाई आल्या तर संध्याकाळी वाटांवर ओली गोणपाटं पसरून ठेवा. सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

बी घरचं ठेवा

पहिल्या हंगामातलं सगळ्यात निरोगी झाड निवडा, त्याच्यावर खुणेचा दोरा बांधा आणि मधल्या बहराची दोन-चार फळं झाडावरच पिकू द्या. संकरित बियाण्याच्या पुडीतून आलेल्या झाडाचं बी ठेवून उपयोग नाही, पुढची पिढी तशीच येत नाही. गावठी आणि सुधारित सरळ वाणांचंच बी ठेवा. सावलीत सुकवून, राखेत घोळून, काचेच्या बरणीत नाव आणि महिना लिहून ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बी असंच जपून बियाणे बँक उभी केली आणि त्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा पाया घराघरातलं परस हाच आहे.

पहिल्या वर्षाचा बेत

मार्च-एप्रिलमध्ये जागा ठरवा आणि हद्द पक्की करा. मे महिन्यात खांब, जाळी आणि बेडं पुरं करा. जूनमध्ये कुंपणाच्या बाहेरून गिरिपुष्प किंवा निरगुडी रोवा आणि मगच बियाण्याच्या पुड्या उघडा. पैसे कमी असतील तर भाजीचे प्रकार कमी करा, कुंपणात काटकसर करू नका. अर्ध्या गुंठ्यात भेंडी, कारली आणि लाल माठ एवढंच लावलं आणि ते घरच्या ताटात आलं तर बाग जमली. राखलेल्या जागेत दुसऱ्या वर्षी दहा भाज्या घेणं सोपं असतं, उघड्या जागेत एकही घेणं अवघड. घरातले सगळे हाताशी असतील तेव्हा खड्डे काढायला, तारा ताणायला आणि फांद्या रोवायला मुलांनाही बोलवा. ज्यांनी कुंपण घातलं, ते बेडं उघडं टाकून जात नाहीत.